काळी पडलेली बाटली

आमच्या धर्मगुरूनिवासाच्या अंगणात एक जुनी विहीर आहे. तिच्या काठावर एके काळी रहाट होता; त्याच्या खुणा अजून दिसतात. पाणी गोड, थंड आणि काचेसारखे नितळ. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतणारी वडीलधारी मंडळी तेथे थांबून तांब्याभर पाणी पीत आणि "फादर, असे पाणी साऱ्या गावात नाही," असे म्हणत. त्या स्तुतीचा आम्हाला थोडा अभिमानही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही वेदीसेवक मुलांचे तीन दिवसांचे शिबिर भरवले. स्वयंपाकाला आणि पिण्याला पाणी याच विहिरीचे होते. महिनाभराने त्यांपैकी चार मुलांना कावीळ झाली. कोणी दोष उसाच्या रसाला दिला, कोणी बाजारातल्या बर्फाला. विहिरीचा संशय कोणालाच आला नाही. आम्हाला तर नाहीच नाही.

आमच्या गायकवृंदातील एक मुलगी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. एके सायंकाळी ती बोटभर उंचीची काचेची बाटली घेऊन आली. आत कागदाची एक घडी केलेली पट्टी होती. तिने विहिरीचे पाणी बाटलीत भरले, बूच लावले आणि ती आमच्या मेजावर ठेवून म्हणाली, "फादर, उद्या सकाळी पाहा." दुसऱ्या दिवशी पाहतो तो बाटलीतले पाणी शाईसारखे काळे झालेले!

"फादर, हे पाणी कोणाला देऊ नका," ती म्हणाली. मग तिने विहिरीच्या काठापासून आमच्या शौचालयाच्या टाकीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. बारा पावले भरली. ती टाकी आमच्याच कारकिर्दीत बांधली गेली होती आणि जागाही आम्हीच निवडली होती. कारण तेथे नळ थोडा लागे व खर्च वाचे. त्या बारा पावलांचा हिशेब आम्ही अजून विसरलेलो नाही. मुले देवाच्या कृपेने बरी झाली. पण त्यांच्या मातांच्या डोळ्यांस डोळा देणे आम्हास बरेच दिवस जड गेले.

ही बाटली कोठली, असे आम्ही त्या मुलीला विचारले, तेव्हा तिने ग्वाल्हेरचे नाव सांगितले. आजचा हा लेख त्या ग्वाल्हेरविषयी आहे.

ग्वाल्हेरची दुसरी कीर्ती

मराठी माणसाला ग्वाल्हेर परके नाही. महादजी शिंद्यांच्या घराण्याची ती राजधानी. १८५८ साली झाशीच्या राणीने देह ठेवला तो तेथेच. तानसेनाची समाधी तेथे आहे. याच नगरीत १९४७ साली जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा या नावाने एक संस्था उभी राहिली. पुढे ती संरक्षण खात्याकडे आली आणि १९७३ पासून संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना म्हणून ओळखली जाऊ लागली. विषारी वायू, रोगजंतू आणि रोग पसरवणारे कीटक यांपासून सैनिकांचे रक्षण कसे करावे, याचा अभ्यास तेथे चालतो.

सैनिकाला शत्रूच्या गोळीइतकेच भय वाईट पाण्याचे असते. परंतु छावणीत प्रयोगशाळा कोठून आणावी? खेडेगावाचीही अडचण तीच. या संस्थेतील के. एस. मांजा आणि त्यांचे सहकारी एम. एस. मौर्य व के. एम. राव यांनी त्यावर जी युक्ती शोधली, ती १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. युक्ती अशी, की माणसाच्या आतड्यांत वस्ती करणारे अनेक जंतू गंधकाचा एक वायू निर्माण करतात; कुजलेल्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच हा वायू. बाटलीतल्या कागदाला या जंतूंचे खाद्य आणि लोहाचा एक क्षार लावून तो वाळवलेला असतो. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते उबेत वाढतात, वायू सोडतात, आणि तो वायू लोहाशी संयोग पावून काळा रंग धारण करतो. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. घरातली ऊब, एक रात्र आणि फार तर दुसरा दिवस, एवढे पुरते.

ही बाटली न्यायाधीश नव्हे. ती केवळ साक्षीदार आहे. काही वेळा मातीतले निरुपद्रवी जंतूही पाणी काळे करतात. आणि पाण्यात विरघळलेली रासायनिक विषे तिला मुळीच दिसत नाहीत. तरीसुद्धा शेकडो वर्षे केवळ चवीवर आणि नितळपणावर विश्वास ठेवणाऱ्या आपणा खेडुतांस या लहानशा साक्षीदाराने एक मोठे सत्य शिकवले. नितळ पाणी म्हणजे निर्मळ पाणी नव्हे.

इसहाकाच्या विहिरी

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची कथा आहे. त्याच्या पित्याने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि पित्याने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. आपल्याही विहिरी आणि बावखले आपल्या वाडवडिलांनी घाम गाळून खणली. त्या बुजवायला मात्र कोणी पलिष्टी आले नाहीत. ते काम आपणच केले. मातीने नव्हे, तर मैल्याने.

हे घडते कसे, ते पाहू. शौचालयातून टाकीत जे जाते, त्यातील घन भाग खाली बसतो आणि पाणी बाहेर पडून जमिनीत मुरते. जमीन ही देवाने केलेली मोठी गाळणी आहे. चिकण मातीतून पाणी सावकाश झिरपते आणि त्या प्रवासात पुष्कळसे रोगजंतू मरतात. परंतु वाळूची जमीन घाईची असते. तिच्यातून पाणी झपाट्याने उतरते. भेगाळ खडकातून तर ते गाळणीवाचूनच निघून जाते. पावसाळ्यात विहिरीची पातळी वर येते आणि शोषखड्ड्याचा तळ व विहिरीचे पाणी यांची जणू गळाभेट होते. मग कावीळ, विषमज्वर आणि हगवण आपल्या दारी येतात. मैल्यातील नत्राचे नायट्रेट होते, तेही पाण्यात उतरते. आपल्या देशाच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये. कारण ते तान्ह्या बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही.

मोशेचे खोरे आणि सियाचेनचे बर्फ

मोशेच्या नियमशास्त्रात सैन्याच्या छावणीसाठी एक साधी आज्ञा आहे. प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणण्याचे साधन बाळगावे, छावणीबाहेर जाऊन खड्डा खणावा आणि आपला मैला मातीने झाकावा. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात हा नियम आहे. तो वाचून पुष्कळांना हसू येते. आम्हाला मात्र त्यात देवाच्या योजनेची ओळख दिसते. कारण मूठभर मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात, आणि मैल्याची पुन्हा माती करणे हेच त्यांचे नेमून दिलेले कार्य होय.

परंतु जेथे मातीच नाही, तेथे काय करावे? १९८४ पासून आपले जवान सियाचेन हिमनदीवर पहारा देत आहेत. तेथे खोरे चालवले तर बर्फ लागते. त्या थंडीत मातीतले नेहमीचे जीव काम करीत नाहीत. मैला कुजत नाही. तो गोठून राहतो. आणि याच हिमनदीतून नुब्रा नदी उगम पावते, ती श्योकला मिळते आणि श्योक सिंधूला. वर टाकलेले आज ना उद्या खाली उतरणारच.

या प्रश्नाला ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने हात घातला. तेथील शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातून आणि इतर थंड प्रदेशांतून थंडी सोसणारे जीवाणू मिळवले, ते प्रयोगशाळेत वाढवले आणि हळूहळू त्यांना मैल्याच्या अन्नाची सवय लावली. शेतकरी विरजण जपतो, तसे हे जिवंत विरजण त्यांनी जपले. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे नाव सहसा गाजत नाही, आणि या कामात तर नाक मुरडणारेच अधिक. पण नाझरेथच्या सुताराच्या घरी आपल्या तारकाने जी तीस वर्षे अज्ञातवासात काढली, ती काय वाया गेली? आडोशाला केलेले प्रामाणिक काम देवाच्या वहीत लिहिलेले असते.

त्यांनी तयार केलेल्या टाकीत हवेला मज्जाव असतो. आत विभाग पाडलेले असतात आणि जीवाणूंना चिकटून राहता यावे म्हणून चटईसारखे पडदे लावलेले असतात. काम चार हातांनी होते. पहिल्या जातीचे जीव घट्ट मैल्याचे तुकडे करून तो पातळ करतात. दुसऱ्या जातीचे त्यापासून आम्ले तयार करतात. तिसरे त्या आम्लांचे आंबीलासारखे सौम्य रूप करतात. चौथे त्यापासून मिथेन आणि कर्बवायू बनवून वाट मोकळी करतात. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न. यांपैकी एक जात जरी रुसली, तरी सारे घर आंबते. कुटुंबात कोण मोठा आणि कोण धाकटा, असा वाद घालणाऱ्यांनी या टाकीकडे एकवार पाहावे.

या ज्ञानाची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात आपल्या श्रद्धेच्या माणसांचाही वाटा आहे. १७७६ साली इटलीतील श्रद्धाळू कॅथलिक शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. तोच हा मिथेन वायू. हवेवाचून जगणारे जंतू असतात, हे १८६१ साली लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. फ्रान्समधील मुरास नावाच्या गृहस्थाने हवाबंद मैलाटाकी बांधली आणि आत घन मैला जवळजवळ उरत नाही, असे त्याला आढळले. ही गोष्ट १८८१-८२ च्या सुमारास जगापुढे मांडली ती आबे म्वान्यो या विज्ञानप्रेमी धर्मगुरूने. धर्मगुरूने मैल्याच्या टाकीवर लिहावे हे कोणास विचित्र वाटत असेल, तर त्यांनी आमच्या या वडीलबंधूचे स्मरण करावे! आणि फार दूर तरी कशाला जावे? आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, १८९७ साली मैल्यापासून वायू निर्माण करणारी टाकी बांधण्यात आली. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्याच आश्रमातून या देशाला हा दिवा मिळाला.

आगगाडीतील परीक्षा

बर्फातून ही टाकी आगगाडीत आली. आपल्या गाड्यांतील शौचालयांचा मैला पूर्वी थेट रुळांवर पडे. रूळ गंजत, स्थानके घाणीने भरत आणि आपल्यासारखीच देवाच्या प्रतिमेत घडलेली माणसे ती घाण हातांनी उपसत. २०१३ साली संसदेने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध नवा कायदा केला. परंतु मैला रुळांवर पडणे थांबल्यावाचून कायद्याला अर्थ येत नव्हता. २०११ च्या जानेवारीत ग्वाल्हेरहून वाराणसीला जाणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसला जैविक शौचालये बसवण्यात आली. पुढील दहा वर्षांच्या आत देशभरातील डब्यांत त्यांची संख्या अडीच लाखांवर गेली.

येथे लेख संपवता आला असता तर तो गोड झाला असता. पण सत्य सांगितलेच पाहिजे. २०१७ साली महालेखापरीक्षकांनी रेल्वेचे हे काम तपासले. सुमारे २५ हजार शौचालयांविषयी एका वर्षात जवळजवळ दोन लाख तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक शौचालये तुंबल्याच्या होत्या. भांड्यात कोणी बाटल्या टाकल्या होत्या, कोणी चिंध्या, कोणी गुटख्याच्या पुड्या. जीवाणू मैला खातात. प्लास्टिक खात नाहीत. त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीतील तपासणीत असे दिसून आले, की अशा अनेक टाक्यांतून बाहेर पडणारे पाणी साध्या मैलाटाकीच्या पाण्याहून फारसे चांगले नाही. शास्त्रज्ञांत यावर मतभेद झाले. आम्ही त्यांतून एवढाच बोध घेतो, की टाकी कितीही शहाणी असली तरी तिच्यातून बाहेर येणारे पाणी पिण्याचे पाणी नव्हे. त्यावर पुढचा संस्कार हवाच. रेल्वेत त्यासाठी क्लोरीन वापरतात. घरी ते पाणी लव्हाळे किंवा कर्दळ लावलेल्या वाफ्यातून न्यावे, म्हणजे मुळांजवळचे जीव उरलेले काम करतात.

बिघडलेले पाणी सुधारता येते काय?

जे पाणी आधीच नासले, त्याचे काय? अमेरिकेतील रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञाने याचे उत्तर शोधण्यात आपली उमेद खर्चली. एका तेलकंपनीत ते जीवाणूंचा अभ्यास करीत. पेन्सिल्व्हेनियातील अँब्लर या गावी जमिनीखालची पेट्रोलवाहिनी फुटली आणि तेल भूजलात शिरले. उपसता आले तेवढे उपसले. उरलेले खडकाला चिकटून बसले. १९७२ च्या सुमारास रेमंड यांनी तेथे बाहेरून जीवाणू आणले नाहीत. जमिनीतच राहणारे काही जीव तेल खाऊ शकतात, मात्र त्यांना श्वासापुरती हवा आणि नत्र व स्फुरद यांचे खत कमी पडते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी विहिरींतून हवा आणि खत आत सोडले, आणि जमिनीतल्या या मुक्या मजुरांनी कामास सुरुवात केली. १९७४ साली त्यांच्या पद्धतीला पेटंट मिळाले आणि जगभर भूजलाच्या जैविक शुद्धीकरणाला मार्ग सापडला.

तरी या मजुरांच्या शक्तीलाही सीमा आहेत. शिसे किंवा पारा यांना कोणताही जीव खाऊन संपवू शकत नाही. ग्वाल्हेर ज्या मध्य प्रदेशात आहे, त्याच राज्याची राजधानी भोपाळ येथे १९८४ साली वायुकांड झाले. त्या कारखान्याच्या आवारात पुरलेल्या विषारी रसायनांनी आसपासचे भूजल नासवले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला तेथील वस्त्यांना बाहेरून शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. कारखान्यात उरलेला ३३७ टन कचरा २०२५ साली पिथमपूर येथे नेऊन जाळण्यात आला. पण जमिनीत जे उतरले ते असे गाडीत भरून नेता येत नाही. बिघडवायला काही वर्षे पुरतात, सुधारायला पिढ्या लागतात.

आपले कर्तव्य

वाचकहो, शमरोनी स्त्रीजवळ प्रभूने पाणी मागितले ते याकोबाच्या विहिरीवर. पूर्वजाची ती विहीर शेकडो वर्षांनंतरही लेकरांना पाणी देत होती. आपल्या विहिरी आपल्या नातवंडांना तसे पाणी देतील काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. शेजाऱ्याच्या विहिरीत आपली टाकी झिरपू देणे हे त्या हक्काचे हरण होय, आणि 'चोरी करू नको' या आज्ञेच्या कक्षेत ते येते, असे आम्हास वाटते.

म्हणून काही गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो. शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर असावा. आपत्तीतील मदतकार्यासाठी जगभर जो संकेत पाळतात, तो निदान ३० मीटरांचा आहे, आणि खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीपासून निदान दीड मीटर उंच असावा असेही त्यात म्हटले आहे. टाकीचा तळ आणि भिंती पक्क्या बांधून घ्याव्या. शौचालयात तीव्र आम्ल आणि फिनेल मनसोक्त ओतू नये. आतले कामकरी जीव त्याने मरतात. प्लास्टिक आणि चिंध्या टाकू नयेत. विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे आणि लहानांसाठी ते उकळावे. नवे घर बांधताना देवघराची जागा आपण सर्वांत आधी ठरवतो. त्याच बैठकीत मैलाटाकीचीही जागा ठरवावी. शेजाऱ्याची विहीर कोठे आहे, तेही त्याच वेळी पाहावे.

आम्ही आमची टाकी बुजवली आणि कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला, विहिरीच्या उताराकडील बाजूस, नवी बांधली. तिचे पाणी कर्दळीच्या वाफ्यात जाते. विहीर उपसून तिच्यात निर्जंतुक पूड टाकली. एवढे करूनही पहिल्या तपासणीत बाटली पुन्हा काळी झाली, तेव्हा आम्ही खचलो. "जमिनीला वेळ द्या, फादर," असे ती मुलगी म्हणाली. आम्ही पावसाळा जाऊ दिला.

गेल्या महिन्यात तिने पुन्हा बाटली भरली. एक रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला जाताना आम्ही मेजावरचा दिवा लावला. बाटलीतले पाणी पिवळसर होते, काळे नव्हते. आम्ही तेथेच उभे राहून देवाचे आभार मानले. त्या जमिनीतल्या अगणित जिवांसाठी मानले, ज्यांना त्याने आपल्या पायांखाली आपल्या सेवेस ठेवले आहे. आणि ग्वाल्हेरच्या त्या माणसांसाठीही, ज्यांनी इतकी लहान बाटली घडवली की ती एका खेड्यातल्या धर्मगुरूच्या मेजावर मावावी आणि त्याला त्याची चूक दाखवावी.

विहिरीचे पाणी आम्ही अजून उकळूनच पितो. मिस्सेनंतर म्हातारी मंडळी पुन्हा थांबू लागली आहेत. आता त्यांच्यासाठी ओसरीवर उकळून गार केलेल्या पाण्याचे मडके ठेवलेले असते. "फादर, पूर्वीची चव नाही," अशी त्यांची तक्रार असते. तेवढी तक्रार आम्ही आनंदाने ऐकून घेतो.